गुरुजींनी दिलेली तारीख

एक जूनच्या सकाळी आमच्या गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडायची सोय नसते. ग्रुपवर साडेतीनशे माणसं, आणि त्यातल्या निम्म्यांचा वाढदिवस त्याच दिवशी. केकची चित्रं, फुगे, हात जोडलेले भाऊ आणि त्यांना उदंड आयुष्य चिंतणारे दुसरे भाऊ, ज्यांचाही वाढदिवस तोच. खरी तारीख भाऊंच्या आईलाही सांगता येत नाही. तिला एवढंच आठवतं की मुगाच्या शेंगा तोडणं चाललं होतं आणि कळा सुरू झाल्या. कागदावरची तारीख दिली ती गुरुजींनी.

गुरुजी म्हणजे माझे वडील, गुरुबसप्पा. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. लोह्यापासून नऊ किलोमीटरवर आमचं गाव, तिथल्या शाळेत ते बावीस वर्षं हेडमास्तर होते. शाळा जूनमध्ये भरते, पोर तोवर सहा वर्षांचं झालेलं पाहिजे, म्हणून एक जून. पोर सहाचं झालं की नाही हे ठरवायची रीत अशी, की त्यानं उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरून दाखवायचा. कान हाताला लागला की नाव दाखल. गावातल्या चारेकशे माणसांना आप्पांनी असा जन्म दिला, आणि त्यातल्या एकानंही कधी तक्रार केली नाही.

हे सांगितलं की लोक हसतात. मीही हसायची. गेल्या जूनपासून मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

मी ऋतुजा. लातूरला एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात आठ वर्षं आहे. कॉलम, बीम, स्लॅब, पाया, सगळी गणितं मी करते आणि ड्रॉइंगवर सही साहेबांच्या जावयाची होते. कॉलमच्या सळ्यांना रिंगा किती अंतरावर बांधायच्या हे ज्याला मिस्त्रीला विचारावं लागतं, त्याची सही. पगारवाढ मागितली की साहेब म्हणतात, ‘मॅडम, तुम्हाला कुठे संसार आहे?’ आठ वर्षांत हे वाक्य मी सात वेळा ऐकलंय. सातव्या वेळी मी खाली उतरले, चहा न पिता तशीच चालत बसस्टँडमागं गेले आणि मनतशाच्या ऑफिसचा जिना चढले.

मनतशाच्या वडिलांचं खाली चष्म्याचं दुकान, वर तिचं परदेशी जाण्याचे अर्ज भरून देणारं ऑफिस. सव्वीस वर्षांची पोरगी, पण बोलण्यात एवढी पक्की की चाळीस वर्षांचे बाप्येही तिच्यासमोर फाईल मांडीवर धरून गुमान बसतात. तिनं मला ऑस्ट्रेलियाचा तक्ता समजावून सांगितला. वयाचे पॉइंट, इंग्रजीचे पॉइंट, डिग्रीचे, नोकरीच्या वर्षांचे. बेरीज चांगली झाली तर तिकडून बोलावणं येतं, कायमचं राहायला. आणि एका ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, ‘हे बघा मॅडम, लग्न झालेलं न्हाई त्याचे दहा.’

मी तिला पुन्हा वाचायला लावलं. लग्न झालेलं नाही त्याचे दहा! आमच्याकडे ह्याच गोष्टीसाठी मला गेली बारा वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात आणि मातीला गेल्यावरसुद्धा सुनावलं जातंय. एखादा देश त्याचे पॉइंट देतो हे कळल्यावर मला त्या देशाबद्दल एकदम माया वाटली. तिथं कुणाला ओळखत नव्हते, तिथली हवा कशी ते माहीत नव्हतं, पण जायचंच हे त्या खुर्चीत बसल्या बसल्या ठरलं.

इंग्रजीची परीक्षा तीनदा दिली. तिसऱ्यांदा वरच्या श्रेणीत पास झाले, वीस पॉइंट मिळाले. इंजिनिअरिंगचे पंधरा. लग्नाच्या नसण्याचे दहा. नोकरीला आठ वर्षं ऑगस्टमध्ये पुरी व्हायची होती, त्याचे पंधरा. आणि वय तेहतीसच्या आत असेल तर तीस, तेहतीस पुरी झाली की पंचवीस. माझ्या कागदावर जन्मतारीख एक जून एकोणीसशे ब्याण्णव. म्हणजे जूनमध्ये पाच गेले आणि ऑगस्टमध्ये नोकरीचे वाढले. दोन महिन्यांनी हुकलं. बेरीज पंच्याऐंशी, आणि मनतशाच्या अंदाजानं माझ्या कामाच्या लोकांना नव्वदच्या खाली कुणी विचारणार नव्हतं.

‘सगळं बराबर हाय मॅडम,’ ती कळवळून म्हणाली, ‘फक्त तुम्ही जरा उशिरा पैदा व्हायला पायजे होतं.’

‘मी उशिराच झालेय,’ मी म्हणाले. ‘दीड वर्ष उशिरा.’

तिनं पेन खाली ठेवलं.

भूकंप झाला तेव्हा मी मायच्या पोटात होते. हे मला लहानपणापासून पाठ आहे, कारण मायनं ते हजार वेळा सांगितलंय. सप्टेंबर त्र्याण्णव, गणपती बुडवून माणसं नुकती निजली होती, पहाटे भांडी पडायला लागली आणि माय आठव्या महिन्याचं पोट घेऊन, दादाला काखेत मारून बाहेर अंगणात पळाली. त्यानंतर चाळीस दिवसांनी मी झाले. आडवी होते म्हणून तिला जीपमध्ये घालून नांदेडला सरकारी दवाखान्यात नेलं. इंजिनिअरिंगला मी सिव्हिल घेतलं तेव्हासुद्धा माय शेजारणींना सांगायची, ‘भूकंपाची पोरगी हाय, घरं मजबूत बांधंल.’ माझा खरा जन्म कधीचा हे गावात कुणाला विचारायची गरज नव्हती.

मग ब्याण्णव कुठून आलं? तर दादापायी. माझा मोठा भाऊ शिवशंकर शाळेत बसायलाच तयार नव्हता. बाप हेडमास्तर आणि पोरगं सात वर्षांचं होऊन गेलं तरी शाळेच्या पायरीवर भोकाड पसरायचं. मी शेजारी असले तरच गप्प राहायचा. शेवटी आप्पांनी एका सकाळी रजिस्टर उघडलं, त्याला सव्वा वर्ष लहान केलं, मला दीड वर्ष मोठी केली आणि आम्ही दोघं अधेमधे कुठंतरी भेटलो. एक जून ब्याण्णव, दोघांचीही. वर मायचा हिशेब असा, की त्याला नोकरीसाठी वर्षभर जास्त मिळेल आणि हिचं लवकर उरकता येईल. साडेचार वर्षांची मी पहिलीत बसले. दहावीपर्यंत त्याची गणितं मी सोडवली. मास्तर लोक आम्हाला जुळी म्हणायचे, आणि मी त्याला भर वर्गात दादा म्हणून हाक मारली की पोरं हसून लोळायची.

मनतशानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि रस्ता सांगितला. पासपोर्टवर तारीख बदलायची तर बोर्डाचा दाखला बदलावा लागेल, आणि बोर्ड कोर्टाच्या हुकमाशिवाय हलणार नाही. कोर्टाला पुरावा लागेल. खरी तारीख लागू झाली तर मला नोव्हेंबर सव्वीसपर्यंत वेळ होता, बेरीज सरळ नव्वद. ‘जन्माची नोंद काढा आधी,’ ती म्हणाली. ‘दवाखान्यात झाल्या असाल तर असणारच.’

नांदेडला तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेत एका भल्या कारकुनानं धूळ झटकत जुनं बाड काढलं आणि बोट फिरवत फिरवत तो थांबला. नऊ नोव्हेंबर एकोणीसशे त्र्याण्णव. लिंग स्त्री. आई साखराबाई, बाप गुरुबसप्पा, गाव आमचंच. बाळाच्या नावाचा रकाना कोरा होता. ‘त्या काळी नाव कोण सांगायला येतं, बाई,’ कारकून म्हणाला. ‘समदे असेच कोरे हायत.’ मी त्या कागदाची नक्कल हातात घेतली आणि तिथंच जिन्यात बसून रडले. आनंदानं. मी कुठंतरी खरी लिहिलेली होते.

बसवंत वकील तालुक्याच्या कोर्टात काम करतात, आप्पांचेच विद्यार्थी. त्यांचाही वाढदिवस एक जूनला. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, ‘ह्यात अडचण एकच. ही नोंद तुझीच, हे कुणीतरी सांगायला पाहिजे. नाव नाही ना. आप्पा आणि माय, दोघांनी साक्षीत एवढं सांगितलं की शाळेतली तारीख अंदाजानं घातली, खरी ही, की काम झालं. जन्मदात्या आईबापापेक्षा मोठा पुरावा कुठला?’

मी त्याच संध्याकाळी गावी गेले. आप्पा पडवीत पेपर वाचत बसले होते. मी सगळं समजावून सांगितलं. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘म्हंजे मी खोटं लिवलं असं मी सांगायचं?’

‘अंदाजानं लिवलं असं सांगायचं, आप्पा. सगळेच लिवायचे. वकील म्हणाले काही होत नसतं आता.’

‘ऑस्ट्रेलिया म्हंजे एकदम कायमचं?’

‘हाव.’

त्यांनी पेपरची घडी केली. मग हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘जा लेकरा. ह्या गावातून कुणी गेलं न्हाई. तू जा. मी येतो कोर्टात.’ मी इतकी हरखले की मायच्या हातच्या भाकरी मोजून चार खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा पारावर बसून सांगत होते, पोरगी ऑस्ट्रेलियाला चालून राहिली. त्यांचा अभिमान खरा होता. आजही मी त्याला खोटा म्हणणार नाही.

दावा दाखल झाला, तारखा पडल्या, कधी न्यायाधीश रजेवर तर कधी सरकारी वकील. डिसेंबरात एका रविवारी मी गावी गेले तर दारात दादाची मोटारसायकल. दादा पोलीस शिपाई आहे. चार वेळा भरतीला उतरला आणि शेवटच्या संधीला लागला. त्याच्या कागदावरच्या वयाला अट संपायला तीन-चार महिने राहिले होते. खऱ्या वयानं ती वर्षभरापूर्वीच संपली होती. तो भरती झाला तेव्हा आप्पांनी गावात पेढे वाटले, आणि त्या पेढ्यांत माझ्या शेजारी बसून मिळवलेली वर्षं होती हे कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही.

तो आत कॉटवर बसला होता, वर्दीत. ड्युटीवरून थेट आला होता. मी आल्या आल्या म्हणाला, ‘ऋते, केस मागं घे.’

‘का?’

‘कोर्टानं रजिस्टर मागवलंय. मूळ रजिस्टर. तुझं नाव सतरा नंबरला हाय. अठरा नंबरला कोण हाय?’

मला ठाऊक होतं.

‘एकाच पेनानं, एकाच दिवशी, एकच तारीख. आप्पा कोर्टात म्हणले की सतरा नंबर अंदाजानं लिवला, तर अठरा नंबर काय देवानं लिवला का? उद्या कुणी अर्ज केला माझ्या खात्यात तर? माझ्यावर जळणारे कमी हायत का? वर्दी उतरंल माझी. दोन लेकरं हायत मला.’

‘वकील म्हणाले फक्त माझ्या नोंदीचा विचार होईल.’

‘वकील म्हणले! वकिलाची नोकरी जानार हाय का?’

मग मला जे तोंडात आलं ते मी बोलले. की तू पायरीवर लोळत होतास म्हणून मला साडेचार वर्षांची असताना बाकावर कोंबलं. की तुझ्या प्रत्येक परीक्षेला माझा पेपर तुझ्याकडे तिरका ठेवून मी लिहिला. की बारावीला तू नापास झालास तेव्हा पोरगं दमलं म्हणाले आणि मला पंच्याऐंशी टक्के पडले तेव्हा कुणी जत्रेतून आणल्यासारखी एक साडी आणली. दादा मान खाली घालून ऐकत होता. तो वाईट माणूस नाही. त्याचं तोंड रडवेलं झालं होतं, अगदी शाळेच्या पायरीवर व्हायचं तसंच, आणि त्यामुळे मला त्याची दया येण्याऐवजी आणखी राग आला.

माय चुलीपासून उठून मध्ये आली. ‘भांडू नका रे. ऋते, तुला बुद्धी हाय. तू कुठंबी कमवून खाशील. त्याला वर्दीच हाय नुसती.’

‘म्हणजे बुद्धी असली की तिच्यावर सगळ्यांनी जगायचं का, माय?’

माय चुलीकडे परतली. आप्पा बाहेरून आले, दोघांकडे बघितलं आणि खुर्चीत बसले. ते म्हणाले, ‘शिवा, तू तुझ्या ड्युटीवर जा. ऋतुजा, तू लातूरला जा. माझं मी बघून घेतो. कोर्टात येतो म्हणलो ना, येनार.’

मी त्यांच्या पाया पडून निघाले. बसमध्ये मला वाटलं की बाप शेवटी बाप असतो, न्याय करतो. तेव्हा मला खरंच असं वाटलं, आणि त्या वाटण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

साक्षीची तारीख फेब्रुवारीत होती. कोर्टाचं ते छोटं दालन, वर गरगर फिरणारा पंखा, भिंतीला लागून चार बाकडी. मी दुसऱ्या बाकड्यावर बसले. आप्पा पांढराशुभ्र सदरा, टोपी घालून आले होते. माय जरीकाठाचं लुगडं नेसली होती, जे ती लग्नाला जातानाच नेसते. दादा आला नव्हता. मला ते बरंच वाटलं.

आप्पा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. शपथ घेतली. बसवंत वकिलांनी आधी नाव, गाव, शाळा, किती वर्षं हेडमास्तर हे विचारलं. गुरूला प्रश्न विचारताना त्यांचा आवाज आपोआप मऊ होत होता. मग त्यांनी विचारलं, ‘गुरुजी, तुमची मुलगी ऋतुजा, हिचा जन्म कधी झाला?’

आप्पांनी घसा साफ केला. पुस्तकी बोलायचे तेव्हा ते नेहमी तसं करायचे.

‘एक जून एकोणीसशे ब्याण्णव.’

बसवंत वकिलांना वाटलं की म्हातारा गोंधळला. ‘गुरुजी, शाळेतली नाही विचारत. खरी.’

‘हीच खरी. मी स्वतः लिहिली आहे.’

‘आणि शिवशंकर?’ हे सरकारी वकिलानं बसल्या जागेवरून विचारलं. त्याला आता कुठं गोडी वाटायला लागली होती.

‘तोही त्याच दिवशी. जुळी आहेत दोघं.’

माझ्या कानात शिटी वाजल्यासारखं झालं. बसवंत वकिलांनी घाईघाईनं नांदेडचा कागद पुढं केला. ‘मग ही नोंद कुणाची, गुरुजी? साखराबाई, गुरुबसप्पा. हे तुम्हीच ना? नऊ नोव्हेंबर त्र्याण्णव. मुलगी.’

आप्पांनी कागद हातात घेतला. चष्मा वर करून वाचला. सगळा वाचला, एखाद्या पोराची वही तपासावी तसा, खालपर्यंत. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

‘आमचीच नोंद आहे,’ ते म्हणाले. ‘भूकंपानंतर एक मुलगी झाली होती. ती वारली.’

टायपिस्टची बोटं थांबली, मग पुन्हा चालू झाली. ‘ती वारली’ हे तिनं टाइप केल्याचं मी ऐकलं.

मी उठून उभी राहिले. ओरडायचं होतं, पण काय ओरडणार? की मी जिवंत आहे? मी जिवंत आहे हे तिथं कुणी नाकारलंच नव्हतं. एक जून ब्याण्णवची ऋतुजा जिवंत होती, इंजिनिअर होती, तिची बेरीज पंच्याऐंशी होती. मेली होती ती दुसरी, जिला नाव नव्हतं. माझ्याजवळ मी ती असल्याचा एकही पुरावा नव्हता. सगळे पुरावे त्या पिंजऱ्यात उभे होते.

‘बसा मॅडम,’ शिपाई म्हणाला. मी बसले.

आप्पा खाली उतरले आणि माझ्या बाकड्यापाशी न येता पलीकडच्या भिंतीला टेकून उभे राहिले. बसवंत वकील माझ्याजवळ वाकले. ‘माय आहेत अजून,’ ते कुजबुजले. ‘दुसऱ्या साक्षीदार. आईनं सांगितलं तर न्यायाधीश ऐकतील. बोलवू का?’

मी मायकडे बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला होता. मी मनात म्हटलं, ही मला पोटात घेऊन पळालेली बाई आहे. आख्ख्या गावाला तिनं ते हजार वेळा सांगितलंय. आप्पा काहीही म्हणू देत, हिला हे बोलता येणार नाही. मी म्हणाले, ‘बोलवा.’

माय पिंजऱ्यात उभी राहिली तर कठड्यावर फक्त तिचं तोंड दिसत होतं. शपथ तिनं अडखळत घेतली. बसवंत वकिलांनी हळुवारपणे विचारलं, ‘माय, घाबरू नका. तुम्हाला किती लेकरं झाली?’

माय कठडा धरून उभी होती. तिनं आप्पांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्या डोळ्यांत. मला वाटलं आता बोलते.

‘तीन,’ ती म्हणाली. ‘दोन जुळी. आन् एक धाकली.’

‘आणि धाकटी?’

‘गेली.’

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. तरुण माणूस होते, चेहऱ्यानं सालस. ‘किती दिवसांची होती, आजी?’

‘नाव ठिवायच्या आधीच गेली, साहेब. बारा दिसाचीबी झाली न्हाई.’ आणि ती रडायला लागली. ते रडणं खोटं नव्हतं. पोटातून उमळून येत होतं, खांदे हलत होते, लुगड्याचा जरीचा काठ भिजला होता. न्यायाधीशांनी शिपायाला खूण केली, त्यानं पाणी आणून दिलं. तिनं ते घेतलं नाही. माझ्याकडे बघतच होती आणि हुंदक्यात काहीतरी बोलत होती, जे कुणी विचारलं नव्हतं आणि टायपिस्टनं उतरवून घेतलं नाही.

‘लई शाणी होती, साहेब माझी पोरगी. लई शाणी होती.’

बारा दिवसांच्या आत गेलेल्या, नाव न ठेवलेल्या लेकराला शाणी कुणी म्हणत नाही. पण हे तिथं कुणाच्या ध्यानात आलं नाही. न्यायाधीश म्हणाले, ‘ठीक आहे आजी, या तुम्ही,’ आणि त्यांनी पुढच्या केसचा नंबर पुकारला.